माझ्या वाट्याचं क्रियापद

६ नोव्हेंबर

…आणि मग मी दुधाखालचा गॅस बारीक केला आणि खिडकीचा पडदा सारला, कारण ह्यांना सुया ओवायला सकाळचाच उजेड लागायचा. दिवसभराच्या सुया ते सकाळीच ओवून ठेवत. काळा, करडा, तपकिरी, निळ्याच्या दोन-तीन छटा. टाचणीच्या उशीवर सगळ्या रांगेने टोचलेल्या आणि प्रत्येकीला शेपटी. मी फरशी पुसत होते. वन्सं आरशासमोर उभी राहून कंगवा सापडत नाही म्हणून माझ्यावर करवादत होती, आणि कंगवा तिच्याच केसांत अडकलेला. हे हसत सुटले आणि तसेच पुसलेल्या फरशीवरून चालत स्वयंपाकघरात गेले. मी बोलले त्यांना. "वाळेल की," म्हणाले.

बस. एवढीच सकाळ. "एक साधी सकाळ आठवा आणि इंग्रजीत पाच ओळी लिहा," असं बाईंनी आज क्लासमध्ये सांगितलं, तर मला हीच आठवली. ओळी दोनच झाल्या. बाकीची सकाळ इंग्रजीत मावेना, म्हणून घरी येऊन इथे मराठीत लिहिली. बाई म्हणतात, रोज काहीतरी लिहायची सवय ठेवा, कुठल्याही भाषेत. तर ही वही सुरू केली.

हे जाऊन आता चार वर्षं होतील. रडू येत नाही. जुन्या पाठदुखीसारखं आहे. उठता-बसता कळतं, एरवी काम चालू राहतं.

८ नोव्हेंबर

आज बाईंनी प्रत्येकाला एकेक क्रियापद वाटून दिलं. एक क्रियापद घ्यायचं आणि दोन महिने त्याच्याबरोबर संसार करायचा. त्याचे जेवढे अर्थ सापडतील तेवढे रोज आणायचे. माझ्या वाट्याला आलं "टेक". माझ्या शेजारी एक रिटायर झालेले बसड्रायव्हर बसतात, त्यांना "गेट" आलं. ते म्हणाले, "जन्मभर गेटवर लोकं लोंबकळलेली बघितली, आता म्हातारपणी पण गेटच." बाईसुद्धा हसल्या.

मला वाटलं होतं टेक म्हणजे घेणे, झालं. त्यात काय दोन महिने. बाई म्हणाल्या, तुम्हाला सगळ्यात खोल विहीर मिळाली आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन माझं मीच केलं, आमच्या रफूच्या दुकानात कपडे बांधायला रद्दीची मासिकं यायची त्यांवर. गोष्टीचं शेवटचं पान नेमकं कुणाच्या तरी पँटबरोबर निघून जायचं. इंग्रजी अक्षरं शिकले ती कॉलरच्या आतल्या लेबलांवरून. पिळू नका, गरम पाणी वापरू नका, इस्त्री लांबून. वन्सं थट्टेने म्हणते, वहिनीला इंग्रजीत फक्त "नका" येतं.

या क्लासमध्ये मला तिनेच घातलं. आपणहून. फी भरून आली, वही आणि पेन आणलं, आणि म्हणाली, "तुला एवढी हौस आहे वाचायची. आठवड्यातून तीन दिवस, तीन ते साडेपाच. दुकान मी बघते." इतक्या वर्षांत माझ्या हौसेचा कुणी असा विचार केला नव्हता. ह्यांनीही नाही, खरं सांगायचं तर.

११ नोव्हेंबर

टेक:
चहा घेणे. औषध घेणे. आंघोळही ते लोक घेतात, आपण करतो. फोटो ते घेतात, आपण काढतो. परीक्षेची तर मजाच आहे. आपल्याकडे मुलगा परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. त्यांच्याकडे मुलगाच घेतो. ड्रायव्हर म्हणाले, "मग नापास झाला तर परत करता येते का?"

आणि आमच्या धंद्यातलेच दोन निघाले. कपडा "टेक इन" म्हणजे आत घेणे, अंगाबरोबर करणे. "टेक अप" म्हणजे वर घेणे, उंची कमी करणे. हे मी हजार वेळा केलंय आणि इंग्रजीत त्याला माझंच क्रियापद आहे हे मला माहीतच नव्हतं. बाईंनी सांगितलं, टेक इन म्हणजे एखाद्याला घरात आसरा देणे पण. आणि एखाद्याला फसवणे पण. मी विचारलं, आसरा देणं आणि फसवणं एकच कसं? त्या म्हणाल्या, एक नाही, दोन वेगळे अर्थ आहेत, शब्द एकच.

घरी येऊन वन्संला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "असं होय," म्हणाली.

वन्सं म्हणजे माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांची होती, दोन वेण्या, सदा सर्दी. सासूबाईंनी बजावलं की वयाने लहान असली तरी नणंद आहे, वन्सं म्हणायचं. मी म्हणायचे, "वन्सं, नाक पुसा." मग अहोजाहो गळून पडलं आणि वन्सं तेवढं राहिलं. तिने लग्न केलं नाही. तीस वर्षं आम्ही तिघं एका घरात आणि एका दुकानात. हे आणि मी आत रफूच्या टेबलावर, ती बाहेर काउंटरवर. तिच्या हाताला घाम येतो, रेशमाला डाग पडतात, म्हणून हे तिला सुई धरू देत नसत. पण गिऱ्हाइकाशी बोलावं तर तिनेच. दगडालाही पाझर फोडेल. ह्यांच्यानंतर दुकान तगलं ते तिच्या जिभेवर आणि माझ्या बोटांवर.

१५ नोव्हेंबर

क्लासहून परत आले तर माझं स्टूल उंच केलेलं होतं. त्याचा स्क्रू फिरवावा लागतो, आपोआप होत नाही. दिव्याची मानही दुसरीकडे वळलेली. वन्संला विचारलं तर म्हणाली, "डबा खायला आत बसले होते गं. बाहेर लोकांसमोर कसं खायचं?" मी म्हटलं, बस की, तुझंच दुकान आहे. स्टूल पुन्हा खाली केलं.

खुंटीवरचा ह्यांचा तपकिरी कोट दिसला नाही. धूळ बसली होती म्हणून ड्रायक्लीनला टाकलाय, म्हणाली. माझ्या मनातही आलं नसतं. तिला भाऊच तो.

टेक आफ्टर: आईबापांच्या वळणावर जाणे. बाईंनी विचारलं, तुमच्या घरात कोण कुणाच्या वळणावर गेलंय? मला मूलबाळ नाही. मी म्हटलं, नणंद भावाच्या वळणावर गेली आहे. मनातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही, दोघांचंही तसंच.

२० नोव्हेंबर

आज एक वाईट गोष्ट झाली.

सकाळी वन्संने मला हाक मारून बाहेर बोलावलं. काउंटरवर एक राखाडी शाल होती. मधोमध रफू उसवून भोक पडलेलं, पहिल्यापेक्षा मोठं. "गिऱ्हाईक परत देऊन गेलं," ती म्हणाली, "एकदाच धुतली म्हणे." माझे कान तापले. इतक्या वर्षांत माझा रफू उसवून परत आला नव्हता. ह्यांचाही नाही.

मी म्हटलं, ही शाल मला आठवत नाही.

"अगं, गेल्या महिन्यातली. विसरलीस तू."

उलटी बाजू बघायला हात पुढे केला तोवर तिने शाल पिशवीत घातली. "राहू दे. मी मिटवते. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. क्लासला गेले. आजचा अर्थ, टेक टाइम, वेळ लागणे. आपल्याकडे वेळ आपसूक लागतो, जशी तहान लागते. त्यांच्याकडे काम तुमच्याकडून वेळ घेतं.

२५ नोव्हेंबर

आणखी एक परत आला. मुलीचा लोकरी स्कर्ट. तोही मला आठवला नाही. वन्संने मला लांबूनच दाखवला आणि म्हणाली, "वहिनी, तुझं काही दुखतंय का? सांग मला."

तिच्या आवाजात इतकी माया होती की मला भरून आलं.

शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी घरी एक जुना रुमाल मुद्दाम कात्रीने कापला आणि रफू करून पाहिला. जमला. पण मग वाटलं, जमलाय असं मला दिसतंय, आणि माझ्या दिसण्यावरच तर भरवसा राहिलेला नाही. वन्संला दाखवला. तिने उजेडात धरला, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ठीक आहे." ह्यांनी असं "ठीक आहे" म्हटलं की समजायचं, उसवा.

आज क्लासमध्ये: टेक प्लेस. मला वाटलं कुणीतरी कुणाची जागा घेतली. बाई म्हणाल्या, नाही, याचा अर्थ फक्त "घडणे". काल सभा घडली, उद्या लग्न घडेल. जागा घेण्याबिण्याचा काही संबंध नाही. जागा घ्यायची असेल तर कुणाची ते मध्ये घालावं लागतं.

२९ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. वन्संला सांगितलं नाही. ती म्हणत होती, "कशाला डॉक्टर? वयाचं आहे, डॉक्टर काय वय कमी करणार आहे?" पण मला राहवेना. तरुण डॉक्टरीण होती. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मी खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग डोळ्यांत थेंब घालून बसवून ठेवलं. शेवटी म्हणाली, "मावशी, तुमच्या वयाला हे डोळे म्हणजे लॉटरी आहे. चष्म्याचा नंबर तोच आहे. काय काम करता?"

सांगितलं. म्हणाली, करत राहा.

बाहेर आले आणि आनंद होण्याऐवजी दवाखान्याच्या पायरीवर बसून हिशेब मांडला. डोळे चांगले आहेत, म्हणजे हात गेले. किंवा डोकं. डोळ्यांना निदान चष्मा असतो.

४ डिसेंबर

काम मी कमी केलंय. रफू घेत नाही, फक्त पँटची उंची आणि बाह्या. ते कुणीही करेल. वन्संने फार समजूतदारपणे घेतलं. म्हणाली, "तू विसावा घे. आता सकाळीही यायची गरज नाही. घरी बस, वाच, तुझं इंग्रजी कर. मी बघते दुकानाचं काय ते."

मी विचारलं, रफूचं कोण करणार?

"बघू. बाहेरून करून घेऊ."

मग तिने ह्यांच्या बारीक सुयांची डबी मागितली. बाहेरच्या माणसाला द्यायला लागेल, म्हणाली, अशा सुया आता मिळत नाहीत. मी कपाटातून काढून दिली. देताना बोटं जरा घट्ट राहिली असतील, तिने डबी थोडी ओढून घेतली. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "परत देईन गं," म्हणाली.

टेक इट ईझी: मनावर घेऊ नका. बघा, आपणही इथे "घेतो"च. मनावर.

९ डिसेंबर

सकाळी भाजी घ्यायला गेले तर दुकानाच्या एक जुन्या गिऱ्हाईकबाई भेटल्या. माझा दंड धरून मला रस्ता ओलांडून दिला. मी ओलांडणार नव्हते, मला अलीकडेच काम होतं. कानाशी येऊन मोठ्याने आणि सावकाश म्हणाल्या, "कशा, आहात? फार, वाईट, वाटलं." मी म्हटलं, चार वर्षं झाली आता. त्यांनी मान हलवली आणि माझ्या चेहऱ्यासमोरून हात हलवल्यासारखा केला.

त्यांना ऐकायला कमी येत असावं. ज्यांना कमी येतं तीच माणसं मोठ्याने बोलतात.

मग पुन्हा उलट रस्ता ओलांडून भाजी आणली.

१३ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

आज क्लासमध्ये गारठा होता. ड्रायव्हर कोट घालून आले होते. जाड विणीचा काळपट हिरवा कोट, त्यांच्या वडिलांचा, त्यांनी मागेच सांगितलं होतं. त्यांनी फळ्यावर लिहायला हात वर केला आणि कोपरावर रफू उसवलेला मला दिसला. आतला शर्ट दिसत होता.

क्लास सुटल्यावर मी म्हटलं, "भाऊ, कोट कुठे दिला होता?"

ते गडबडले. "राहू द्या हो ताई. एवढं काही नाही."

"आमच्याकडे?"

"तुमच्याकडेच. पण मी काही तक्रार केली नाही हं. तुमच्या नणंदबाई म्हणाल्या की तुमची नजर फार अधू झाली आहे, आता जवळजवळ दिसतच नाही, तरी जिद्दीने काम करता. मग मी कशाला बोलू?"

"भाऊ, मी तुमच्या शेजारी बसून फळ्यावरचं उतरवून घेते."

"तेच माझ्या मनात आलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, जवळचं दिसत नसेल."

मी म्हटलं, कोट काढा. बाई पुस्तकं आवरत होत्या, त्या थांबल्या. मी बाही उलटी केली आणि खिडकीपाशी नेली.

रफूची खरी बाजू वरची नव्हे, आतली. आम्ही आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढतो आणि भोकावर एकेक धागा विणतो. प्रत्येक वळणावर इवलासा फास सैल सोडायचा आणि टोक मसुराएवढं बाहेर ठेवायचं. कारण लोकर पाण्यात आकसते. सैल ठेवलं तर तेवढी जागा तिला मिळते, ओढून घट्ट केलं आणि टोक सपाट कापलं तर पहिल्याच धुण्यात सुटतं. नवखा माणूस हमखास सपाट कापतो, त्याला ते नीटनेटकं वाटतं. ह्यांनी माझ्याकडून पहिलं वर्षभर दुसरं काही करून घेतलं नाही, फक्त टोक सोडायचं. आता झोपेतही माझ्या हाताने टोक सपाट कापलं जाणार नाही. चुकायचंच झालं तर मी हजार प्रकारे चुकेन. असं चुकणार नाही.

त्या कोटाची सगळी टोकं सपाट कापलेली होती. वळणं ओढून घेतलेली. काम नवख्या हाताचं होतं, पण सुई बारीक होती, ह्यांच्या डबीतल्यासारखी.

म्हणजे हा कोट माझ्या टेबलावर आलाच नव्हता. शाल आली नव्हती. स्कर्ट आला नव्हता. म्हणून आठवत नव्हते. माझं डोकं ठिकाणावर होतं.

मला वाटलं होतं, हे कळलं की हायसं वाटेल.

कोट मी मागून घेतला. भाऊ शर्टावरच घरी गेले, एवढ्या थंडीत. बाईंनी दिवा माझ्यासाठी थोडा वेळ चालू ठेवला.

घरी वन्संशी बोलले नाही. तिने वाढलं, मी जेवले.

१६ डिसेंबर

आज सोमवार, क्लासचा वार. नेहमीसारखी वही घेऊन निघाले. बागेतल्या बाकावर बसून राहिले आणि चारच्या सुमाराला दुकानात गेले.

वन्सं काउंटरवर नव्हती. आत बोलण्याचा आवाज येत होता. पडदा बाजूला केला. माझ्या टेबलावर दोन बायका बसल्या होत्या, पस्तिशीच्या असतील. एक चष्मेवाली, एक हसरी. माझ्या दिव्याखाली. हसरी माझ्या स्टुलावर होती. ती मला बघून म्हणाली, "या ना काकू, बसा." माझ्याच स्टुलावर बसून मला बसा म्हणाली. तिचा काही दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नसणार.

चष्मेवाली मात्र ओळखून उभी राहिली. म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंय आम्हाला तयार करायला. आम्ही आधी गारमेंटच्या कारखान्यात होतो. रफू नवीन आहे. तुमच्याच कामावरून शिकतोय, मॅडम उसवून दाखवतात, कसं कसं विणलंय ते."

टेबलावर ह्यांचा तपकिरी कोट होता. त्याच्या कोपरावर मी आयुष्यातला पहिला पास झालेला रफू केला होता. हे तो कोट शेवटपर्यंत घालत होते आणि कुणी कोपराकडे बघितलं की सांगत, हिचं काम आहे. तो रफू धागा धागा उसवलेला होता. भोक पुन्हा तसंच, तीस वर्षांपूर्वीचं.

वन्सं मागच्या दारातून पाण्याची बाटली घेऊन आली. मला बघून बाटली हळूच खाली ठेवली. त्या दोघींना म्हणाली, "आज पुरे."

त्या गेल्या. हसरी जाताना "येते काकू" म्हणाली.

मी म्हटलं, "बोल."

"काय बोलू? दिसतंय तुला."

"दिसतं ना मला? सगळ्यांना तर तू सांगितलंस दिसत नाही."

ती काउंटरच्या खुर्चीत बसली, तिच्या नेहमीच्या. म्हणाली, "एका भोकाला तू अख्खी दुपार लावतेस. लोकांना आता उद्या पाहिजे असतं, उद्या नाही तर ते फेकून नवं घेतात. मी किती वेळा म्हटलं, माणसं ठेवू. तू म्हणायचीस, ह्यांना चाललं नसतं."

"म्हणून माझे डोळे घालवलेस?"

"त्यांचं काम सुरुवातीला कच्चं निघत होतं. लोक परत आणून टाकायला लागले. नवीन बायका ठेवल्यात म्हटलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं. तुझं नाव सांगितलं तर लोक कळवळले. तुझ्यावर कुणी रागावत नाही, वहिनी. एकजण तर त्याच्या बायकोला म्हणाला, त्यांच्यासाठी घरी शिरा घेऊन जा."

"लोकांचं राहू दे. मला का सांगितलंस? मला का वाटू दिलंस की माझे हात गेले?"

ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू भांडशील. म्हणशील, हे माझं काम नाही. पहिल्याच दिवशी म्हणशील. तू लगेच मानलंस. मग ते पुढे चालू राहिलं."

"तू सांगितलंस म्हणून मानलं."

मी विचारलं, "आणि हा क्लास? वही, पेन? मला दुपारी बाहेर काढायला?"

"तुला हौस होती."

"वन्सं."

"दोन्ही," ती म्हणाली.

मी कोट उचलला. बाही हातात धरून उभी होते. ती एकदम म्हणाली, "मी पंधरा वर्षांची होते तेव्हा दादाला म्हटलं होतं, मला शिकव. म्हणाला, तुझ्या हाताला घाम येतो. तुझ्या हाताला नव्हता येत? नवी नवरी होतीस तेव्हा सुई सटकायची तुझ्या हातातून. तो तुझ्या मुठीत शिंप्याचा खडू ठेवायचा, घाम टिपायला. मी बाहेरून बघायचे. मला नाही दिला कधी खडू."

हे खरं आहे. खडू देत असत. पांढरा, चपटा, मुठीत धरून तो अर्धा झिजायचा. मी ते प्रेम समजत होते, आणि होतंही. बाहेर कोण बघतंय हे मी कधी बघितलं नाही.

पण तिला खडू नाकारला तो ह्यांनी. तो राग ह्यांच्यावरचा होता. आणि उसवला तो माझा रफू. महिनाभर रोज सकाळी उठून मी माझ्याच बोटांकडे परक्याच्या बोटांसारखं बघत होते, आणि ती समोर बसून चहा पीत होती. हे मी तिला बोलले. एवढंच, याच शब्दांत.

ती म्हणाली, "मग आता काय करणार आहेस?"

मी कोटाची घडी काखेत घेतली. मी घरी आले.

१८ डिसेंबर

आज क्लासला गेले. बाईंनी विचारलं, नवीन अर्थ आणलात का? मी म्हटलं, एक आहे, जागा घेण्याचा, पण वाक्य मराठीतच झालंय. त्या म्हणाल्या, चालेल, ठेवा तुमच्याजवळ. मी नेऊन दिलेला कोट भाऊ लगेच घालून बसले होते, आणि दोनदा कोपर वाकवून बघितलं त्यांनी, मी बघत नाही असं वाटून.

काल काय झालं ते लिहायचं राहिलंय.

काल, म्हणजे त्या सगळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी सकाळी वन्संच्या आधी जाऊन दुकान उघडलं. रफूचं टेबल आतून ओढत बाहेर आणलं, काचेला लावून, रस्त्यावरून दिसेल असं. स्टूल मला हवं तेवढं खाली केलं. भाऊंच्या कोटाचा कोपर सगळा उसवला आणि पहिल्यापासून विणायला घेतला. वन्सं साडेनऊला आली. काचेबाहेर थोडा वेळ उभी राहिली, मग आत येऊन काउंटरमागे बसली. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. ती वन्संशी बोलायच्या आधी मी प्रत्येकाला स्वतः सांगितलं की माझे डोळे चांगले आहेत, मागचं काम माझ्या हातचं नव्हतं, ज्यांचं उसवलं असेल त्यांनी घेऊन यावं. तिन्ही वेळा वन्संला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.